उपास मोडला तर देव रागावतो का?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत नाशिकच्या ख्रिस्ती घरांतून काही प्रश्न हमखास कानांवर येतात. उपवासकाळ धरला होता, मधेच नात्यातल्या साखरपुड्यात मटण खाल्लं, आता काय? सातपूरच्या कंपनीत रविवारची पाळी लागते, उपासना चुकते, त्याचा दोष कुणाला? लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा खरा की खोटा? आणि जे जन्माने ख्रिस्ती नाहीत पण येशूकडे ओढले गेलेत, ते विचारतात की कुंकू पुसायचं का, देव्हारा काढायचा का, कागदावर काय लिहायचं?

दुसऱ्या बाजूला कॉलेजातली मुलं एका वाक्यात सगळं उडवून लावतात: ‘येशूशी नातं असलं की झालं, धर्म कशाला हवा?’ वाक्य ऐकायला छान आहे. पण सोमवारी सकाळी उठून नक्की काय करायचं, ते त्यातून कळत नाही. म्हणून हा लेख. तुम्ही कॅथलिक असा, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असा, एखाद्या स्वतंत्र मंडळीत जात असा किंवा अजून उंबऱ्याबाहेर उभे असा, निर्णय घेण्यापुरतं यातून हाती लागावं.

आधी एवढंच लक्षात घ्या

लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढा. उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, थोरल्या भावाची फारशी कुणी सांगत नाही. तो शेतावरून येतो, घरात वाजंत्री ऐकतो आणि आत यायला नकार देतो. इतकी वर्षं राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, ही त्याची तक्रार. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे गोष्ट सांगतच नाही. नियम पाळूनही घराबाहेर राहता येतं, आणि नियम मोडून आलेल्यालाही घरात घेतलं जातं. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचं प्रेम आधी येतं, आपलं वागणं त्याच्या मागून. उलटा क्रम लावला की भीती सुरू होते.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण बोलकं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. शास्त्रांचा एवढा अभ्यास असलेली बाई, तिने धर्म विचारपूर्वकच स्वीकारला होता. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र भेटायचा राहिला होता. ती भेट व्हायला त्यानंतर जवळपास आठ वर्षं गेली. तेव्हा बाप्तिस्मा होऊन वर्षं उलटली तरी आत काही हललेलं नाही असं वाटत असेल, तर तुम्ही एकटे नाही.

हा नियम कुणाचा? तीन ढीग करा

कोणताही नियम समोर आला की आधी तो कुठून आला ते विचारा. वहीत तीन रकाने पाडून लिहिलंत तर उत्तमच.

- येशूच्या शिकवणीतले. क्षमा करणं, खरं बोलणं, प्रार्थना, गरिबाकडे पाहणं, वैऱ्याचंही भलं चिंतणं. यांतून सुटका नाही. ‘नातं आहे, नियम नको’ म्हणणारे नेमके इथेच पळ काढतात. देवाशी छान जमतं पण सख्ख्या भावाशी बांधाच्या वादावरून बोलणं बंद आहे, असं असेल तर मत्तयाचा पाचवा अध्याय वाचा. अर्पण वेदीजवळच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं तिथे सांगितलंय.
- चर्चने घालून दिलेली शिस्त. रविवार, उपवासाचे दिवस, धर्मशिक्षण, पापनिवेदन, लग्नाच्या घोषणा. ही शिस्त उपयोगाची आहे, पिढ्यांच्या अनुभवातून आली आहे, आणि तिच्यात अपवादांची सोयही आहे. ती एका चर्चची दुसऱ्यासारखी नसते.
- कुणाची तरी सवय किंवा धाक. हिरव्या बांगड्या नकोत, ढोलकीवर भजन नको, मासिक पाळीत प्रभुभोजन घेऊ नये, अमुक पाळकांचं तेल घरात ठेवावं. यांतल्या बहुतेक गोष्टींना बायबलमध्ये आधार सापडत नाही.

तिसऱ्या ढिगाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर आपल्या नाशिकजवळचं जलालपूर. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन केलंय: बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि सगळं घर त्या धुण्यापुसण्याखाली दबलेलं. हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. पण हे सोवळं फक्त जुन्या ब्राह्मण घरांतच होतं असं समजू नका. काल बाप्तिस्मा घेतलेल्या घरात आज शेजारणीच्या हातचा प्रसाद नको, तिच्या दारातली रांगोळीही ओलांडायची नाही, असं सुरू झालं, तर सोवळं तेच राहिलं, फक्त त्याचा देव बदलला. माझं मत विचाराल तर ‘धर्म नको, नातं हवं’ असं सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्या काही मंडळ्यांतच या तिसऱ्या ढिगातले नियम सर्वांत जास्त असतात.

रोजचं कसं सुरू करायचं

मोठा संकल्प करू नका. महिनाभर एवढंच करून पाहा:

1. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज एक, शक्यतो मोठ्याने वाचा.
2. वाचून झाल्यावर एकच गोष्ट टिपा: आज येशू कुणाशी कसा वागला. कर गोळा करणाऱ्याशी, रक्तस्रावाने बेजार झालेल्या बाईशी, स्वतःच्या घरच्यांशी.
3. मग आपल्या बोलीत बोला. ‘हे सर्वसमर्थ परमेश्वरा’पासूनच सुरुवात केली पाहिजे असं नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ‘देवा, आज हप्ता भरायचाय आणि हातात काही नाही’ म्हटलं, तरी ती प्रार्थनाच आहे.
4. दोन मिनिटं गप्प बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत.
5. ज्याच्याशी बिनसलंय अशा एका माणसाचं नाव घ्या. फक्त नाव.

मार्क संपला की स्तोत्रसंहितेकडे वळा. तिथे दीडशे स्तोत्रं आहेत आणि ती सगळी गोडगोड नाहीत. राग आहे, तक्रार आहे, सूडाची भाषाही आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. देवापुढे चेहरा नीट करून जावं लागतं असं वाटणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. गाऊन मन लागत असेल तर ‘उपासना संगीत’ घरात असेलच. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ गीतं आहेत, आणि ती अभंग-ओवीच्या वळणाने जाणारी असल्याने पेटी नसली तरी म्हणता येतात.

काहीच वाटत नाही असे आठवडे येतील. तेव्हा वेळ कमी करा, पण बंद करू नका. आणि भावना उसनी आणायचा खटाटोप तर मुळीच करू नका. शेजारचा रडून प्रार्थना करतो म्हणून तुम्हालाही रडू यायलाच हवं असं नाही.

रविवार, उपवास, दशांश

*रविवार.* पाळीची नोकरी असेल तर कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. इतर मंडळ्यांत आठवड्यात घरोघरी प्रार्थना असतात, तिथे जा. आजारी आई-वडिलांना सोडून उपासनेला येणं हे भक्तीचं लक्षण नाही. पण सुट्टी असूनही महिनोन्‌महिने ‘माझं देवाशी थेट आहे’ म्हणून घरी बसत असाल, तर स्वतःला एकदा विचारा, कंटाळा कुणाचा आलाय? देवाचा, की शेजारच्या बाकावर बसणाऱ्या काकांचा? काकांचा आला असेल तर बाक बदला.

*उपवास.* कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे सक्तीचे उपवास दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. तेही अठरा ते एकोणसाठ वयाच्या, धडधाकट माणसांना. बाकी दिवसांच्या उपवासाचं तुम्ही स्वतः ठरवता. मधुमेह असेल, गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर उपाशी राहू नका. गोळी चुकवून उपास करणं यात पुण्य नाही. साखरपुड्यात मटण खाल्लेल्यांनी उद्यापासून पुन्हा धरावा, एवढंच. दंड म्हणून दिवस वाढवत बसू नये. आणि उपासात वाचलेल्या पैशांचं काय केलं, हेही पाहावं. ते कुणाच्या पोटात गेले नाहीत तर नुसता खर्च वाचला.

*दशांश.* उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याची ही प्रथा; सगळ्यांत जास्त घाबरवलं जातं ते इथे. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातला उतारा वाचून ‘दशांश चुकवला म्हणून बाग गेली’ असं निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला सांगितलं जातं, तेव्हा सोसायटीचं कर्ज आणि अवकाळी पाऊस दोन्ही त्याच्याच पापाच्या खात्यात टाकले जातात. हे खपवून घेऊ नका. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल सांगतो ते वेगळं आहे: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, जबरदस्तीविना द्यावं. मार्कच्या सातव्या अध्यायात तर देवाला वाहिलं म्हणत आई-बापांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलं आहे. तेव्हा क्रम असा लावा: घरातली औषधं आणि शिक्षण, कर्जाचा हप्ता, मग जमेल तेवढं दान. ते नियमित, आनंदाने आणि पावती घेऊन. हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. नोंदणीकृत संस्थेला वार्षिक हिशेब ठेवावाच लागतो.

नवस बोलावा का?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दूरदूरहून माणसं येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेलाही असंच. मेणबत्ती, फुलं, बाळासाठी पाळणा, घरासाठी छोटं घर. या श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. गरजेच्या वेळी माणूस जिथे आशा दिसते तिथे जातो, आणि शुभवर्तमानात येशूकडे आलेले बहुतेक जण गरजेपोटीच आले होते.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, अट घालू नका: ‘मुलगा पास झाला तरच येईन’ हा सौदा झाला. ‘मुलाची परीक्षा आहे, मला भीती वाटते’ असं सांगा आणि निकाल काहीही लागो, पुन्हा या. दोन, फेडायचा राहिलेला नवस मानगुटीवर बसू देऊ नका. आजीने बोललेला, कुणालाच नीट न आठवणारा नवस तिच्या मागे फेडला नाही म्हणून घरात आजारपण येतं, असा देव शुभवर्तमानात भेटत नाही. तशी रुखरुख असेल तर फादरांशी बोला. नवसाच्या बदल्यात दुसरं सत्कर्म करण्याची सोय कॅथलिक चर्चमध्ये आहे.

बाप्तिस्म्याची घाई नको

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, अपमानाची, पत्रांची. नगरला नवऱ्याजवळ येऊन राहिल्यावरही त्या आपलं सोवळंओवळं सांभाळून होत्या. टिळक शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोचा हात धरून ‘चल’ म्हटलं नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच पटलं, आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. तुमच्या घरात एकच माणूस येशूकडे वळला असेल, तर ‘स्मृतिचित्रे’ दोघांनी मिळून वाचा. कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त कामाचं आहे.

विधी कुठे कसा होतो, ते थोडक्यात:

- कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांना बरेच महिने धर्मशिक्षण असतं. बाप्तिस्मा साधारणपणे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत.
- चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. लहानपणी झालेल्यांचं पुढे दृढीकरण होतं.
- स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या बहुधा मोठ्यांनाच, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने एकदा झालेला बाप्तिस्मा पहिली दोन्ही चर्चं पुन्हा करत नाहीत. दुसऱ्या मंडळीत गेल्यावर ‘तुमचा पहिला खोटा’ असं कुणी म्हणालं तर लगेच पाण्यात उतरू नका. आई-बापांनी ज्या श्रद्धेने तुम्हाला वेदीपाशी नेलं, ती खोटी ठरवायला ठोस कारण लागतं.

पहिल्याच सभेत, आजारपणात किंवा कर्जमाफी-नोकरीच्या आश्वासनावर बाप्तिस्मा घेऊ नका. निदान एक वर्ष त्या मंडळीत राहून पाहा. तिथे भांडण कसं मिटवतात, विधवेला कोण विचारतं, पैशाचा हिशेब कोण लिहितं, हे तेवढ्यात दिसतं.

सण, देव्हारा, घरचे लोक

सासूच्या देव्हाऱ्याला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही. तो तिचा आहे. तुम्ही आरतीला उभं राहायचं की स्वयंपाकघरात थांबायचं, ते तुमच्या विवेकावर सोडा, पण आधी शांतपणे सांगून ठेवा. ऐन गणपतीत पाहुण्यांसमोर तमाशा नको. प्रसादाबाबत पौलाने करिंथकरांना दिलेला सल्ला फार शहाणपणाचा आहे: अन्नाने कुणी देवाच्या जवळ जात नाही की दूर जात नाही, पण तुमच्या खाण्याने दुसऱ्याचं मन अडखळत असेल तर जपून वागा. दोन प्रामाणिक ख्रिस्ती माणसं इथे दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात. दिवाळीचा फराळ, पोळ्याला बैल धुणं, भावाला ओवाळणं यांत अडण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

कागद आणि हक्क

बायबल वाचणं, चर्चमध्ये जाणं, प्रार्थना करणं यासाठी कुठलाही दाखला लागत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेही स्पष्ट केलं की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे तुम्हाला कुणी अडवू नये, आणि तुम्ही कुणाला ओढू नये. धर्मांतराविषयीचे राज्याराज्यांतले कायदे अलीकडे बदलत गेले आहेत, म्हणून रीतसर पाऊल टाकण्याआधी वकिलाकडून त्या दिवसाची स्थिती विचारून घ्या. शिवाय हे ठाऊक हवं:

- अनुसूचित जाती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच हा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्मा घेतलेल्या एका महिलेचा असा दावा फेटाळला. जात चर्चच्या दारातही संपत नाही हे आपण सगळे जाणतो, आणि म्हणूनच ही अट अन्यायाची वाटते. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बाळकृष्णन यांचा आयोगही याच प्रश्नावर नेमला. पण ‘कागदावर जुनाच धर्म राहू दे’ असा सल्ला देणारा माणूस नोकरी गेल्यावर तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीचा, नोकरीचा हिशेब आधी मांडा.
- अनुसूचित जमाती. जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. पेठ, सुरगाण्याकडच्या वाचकांनी ही दोन प्रकरणं एकमेकांत मिसळू नयेत.
- लग्न. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न एकाच्या धर्मांतराने आपोआप मोडत नाही. मात्र दुसऱ्या जोडीदाराला घटस्फोट मागण्याचं ते कारण ठरतं. नव्याने लग्न करणाऱ्या भिन्नधर्मी जोडप्याला विशेष विवाह कायदा, १९५४ खुला आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस असते.
- वारसा. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारसा मिळण्यास अडचण येते, वारसा खुला होण्याच्या वेळी ती मुलं हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. मृत्युपत्र केलं तर हा गुंता टळू शकतो.
- नोंद. बाप्तिस्म्याचा दाखला हा चर्चचा कागद. सरकारी नोंदीत धर्म बदलायचा तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते.
- दफन. अप्रिय पण गरजेचं. मंडळीची स्वतःची दफनभूमी आहे का आणि तिथे कुणाला जागा मिळते, हे सभासद होतानाच विचारा. ऐन वेळी फार धावपळ होते.

कुठून बाहेर पडावं

औषध बंद करायला सांगितलं, आजारी माणसाला भूत लागलं म्हणून मारलं किंवा कोंडलं, बायकांना घरच्यांशी बोलायची बंदी केली, एकाच माणसाला देवाचा आवाज ऐकू येतो आणि त्याला प्रश्न विचारायचा नाही असं ठरलं, की तिथे थांबू नका. चमत्काराच्या नावाने फसवणूक करणं, भूत उतरवण्यासाठी छळणं, सर्पदंशावर उपचारांपासून रोखणं हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत, करणारा कुठल्याही धर्माचा असो. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

इतकं टोकाचं काही नसेल, नुसतंच जमत नसेल, तर भांडून निघू नका. पाळकांना भेटा, कारण सांगा, सभासदत्व हलवण्याचं पत्र आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल मागून घ्या. लग्नाच्या वेळी ती लागते. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज करून पोच घ्या आणि त्याची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या. जुन्या मंडळीतल्या माणसांशी जाणं-येणं मात्र चालू ठेवा; नाताळचा फराळ घेऊन जायला नव्या पाळकांची परवानगी लागत नाही.